डाळिंबाच्या सालीतील अँटिऑक्सिडंट : पर्यावरणपूरक अर्क आणि त्याचा हिशेब

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात डाळिंब हे महत्त्वाचे नगदी फळपीक आहे. क्षेत्र आणि उत्पादन या दोन्ही बाबतीत आपले राज्य देशात आघाडीवर असून सोलापूर, नाशिक, सांगली, अहिल्यानगर, पुणे, सातारा या जिल्ह्यांत या पिकाची मोठी लागवड आढळते. सोलापूर येथे २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले, तर २०१६ साली सोलापूर डाळिंबास भौगोलिक मानांकन मिळाले.

तथापि, बागेत आलेले प्रत्येक फळ बाजारात जात नाही. तडकलेली, उन्हाने चट्टा पडलेली आणि आकाराने लहान राहिलेली फळे प्रतवारीत बाजूला पडतात. अशा फळांचे दाणे किंवा रस काढला, तरी साल मात्र उकिरड्यावर जाते. साल व आतील पांढरे पडदे मिळून फळाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग होतो. म्हणजे खत, पाणी आणि औषधे घालून आपण जे पिकवतो, त्यातील मोठा वाटा फेकून देतो.

या सालीत अँटिऑक्सिडंट म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये भरपूर प्रमाणात असतात. ती काढण्यासाठी घातक रसायने वापरलीच पाहिजेत असे नाही. साधे पाणीही हे काम चांगल्या प्रकारे करते. परंतु पाणी वापरले म्हणजे पद्धत आपोआप पर्यावरणपूरक झाली, असे समजणे चुकीचे ठरेल. साल कशी वाळवली, अर्कातील पाणी कोणत्या उष्णतेवर आटवले आणि उरलेल्या चोथ्याचे काय केले, यावर सर्व अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात या बाबींची माहिती आणि शेतकरी गटाने यंत्रासाठी कर्ज काढण्यापूर्वी करावयाचा हिशेब दिला आहे.

अँटिऑक्सिडंट म्हणजे काय?

शेंगदाणे, कारळे किंवा जवसाची चटणी काही दिवस उघडी राहिली की तिला खवट वास येतो, हे आपण सर्व जण जाणतो. हवेतील प्राणवायूचा तेलाशी संयोग होऊन तेलातील घटक मोडतात व हा वास येतो. एकदा सुरू झालेली ही क्रिया साखळीप्रमाणे पुढे सरकत राहते. अँटिऑक्सिडंट द्रव्ये स्वतः ऑक्सिडीकृत होऊन ही साखळी मध्येच तोडतात. त्यामुळे तेल, तूप, फरसाण, पशुखाद्य अशा पदार्थांचा टिकाऊपणा वाढतो.

या कामासाठी बीएचए, बीएचटी व टीबीएचक्यू ही कृत्रिम रसायने ठराविक मर्यादेत वापरण्यास परवानगी आहे. मात्र वनस्पतिजन्य पर्यायांकडे ग्राहक आणि कारखानदार या दोघांचाही कल वाढत आहे. शेतमालाच्या टाकाऊ भागाला महत्त्व आले ते यामुळे.

डाळिंबाच्या सालीतील मुख्य द्रव्ये टॅनिन गटातील आहेत. त्यांत प्युनिकॅलॅजिन हे प्रमुख असून एलॅजिक आम्ल व गॅलिक आम्लही आढळते. साल चावल्यावर तोंड आवळून येते, ते या टॅनिनमुळेच. स्पेन व अमेरिकेतील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की केवळ दाण्यांपासून हाताने काढलेल्या रसापेक्षा सालीसह फळ दाबून काढलेल्या रसात अँटिऑक्सिडंट गुण अधिक असतो. याचे कारण सालीतील टॅनिन रसात उतरते. यावरून साल किती मोलाची आहे, याची कल्पना येईल.

कोणते द्रावक निवडावे?

एखादे द्रव्य ज्या द्रवात विरघळवून बाहेर काढतात, त्या द्रवास द्रावक म्हणतात. चहाच्या भुकटीतून चहा उतरवताना पाणी हे द्रावक असते. प्रयोगशाळेत व कारखान्यात हेक्झेन, मिथेनॉल, ॲसिटोन अशी द्रावके वापरली जातात. यांपैकी हेक्झेन ज्वालाग्राही असून त्याची वाफ दीर्घकाळ श्वासात गेल्यास मज्जातंतूंना इजा होते. मिथेनॉल पोटात गेल्यास दृष्टी जाऊ शकते, प्राणही जाऊ शकतात. अशी द्रावके शेतावर, घरात किंवा पॅकिंग शेडमध्ये कधीही वापरू नयेत.

पर्यावरणपूरक पर्याय पुढीलप्रमाणे आहेत.

१) पाणी : डाळिंब सालीतील टॅनिन पाण्यात सहज विरघळते. पाणी स्वस्त व निर्धोक असून त्याला वेगळा परवाना लागत नाही. मात्र सालीतील साखरही पाण्यात उतरते. त्यामुळे अर्क लवकर आंबतो आणि तो आटवण्यास उष्णता बरीच लागते.

२) इथेनॉल व पाणी यांचे मिश्रण : उसाच्या मळीपासून वा रसापासून बनणारे इथेनॉल ७८ अंश सें. तापमानास उकळते. ते ऊर्ध्वपातनाने परत मिळवून पुन्हा वापरता येते. पाण्यात मिसळलेले इथेनॉल अनेक वनस्पतिजन्य द्रव्ये केवळ पाण्यापेक्षा किंवा केवळ इथेनॉलपेक्षा चांगली उतरवते. परंतु ते पेटणारे आहे, तसेच ते बाळगण्यास व वापरण्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी आवश्यक आहे. परवानगीशिवाय या वाटेला जाऊ नये.

३) दाबाखालील कार्बन डायऑक्साइड : हा वायू ३१ अंश सें. पेक्षा अधिक तापमानास व हवेच्या दाबाच्या सुमारे ७३ पट दाबाच्या पुढे नेल्यास द्रावकासारखे काम करतो. दाब कमी करताच तो उडून जातो व मालात काहीही मागे उरत नाही. पद्धत उत्तम आहे, पण यंत्रसामग्री अतिशय महाग असते. दुसरी महत्त्वाची बाब अशी, की या पद्धतीने तेलकट द्रव्ये चांगली निघतात. डाळिंब सालीतील टॅनिन पाण्यात विरघळणारे असल्याने केवळ या वायूने ते नीट उतरत नाही, सोबत इथेनॉल वापरावे लागते. म्हणून डाळिंब सालीसाठी हे यंत्र कोणी सुचवल्यास प्रथम हा प्रश्न विचारावा.

४) ध्वनिलहरी, सूक्ष्मलहरी व विकरे : कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या ध्वनिलहरी, मायक्रोवेव्ह किंवा पेक्टिनेज व सेल्युलेज ही विकरे वापरल्यास पेशींच्या भिंती लवकर फुटतात व वेळ वाचतो. ही द्रावके नव्हेत, तर पाण्याच्या किंवा इथेनॉलच्या मदतीला येणारी साधने आहेत. साल योग्य बारीक केली, तर या साधनांशिवायही पाण्यात अर्क बऱ्यापैकी लवकर उतरतो.

साल म्हणजे फळाची साल

येथे एक सूचना कटाक्षाने लक्षात ठेवावी. या लेखात साल म्हणजे फळाची साल होय. डाळिंबाच्या मुळाच्या व खोडाच्या सालीत पेलेटिरीन गटातील विषारी अल्कलॉइड द्रव्ये असतात. म्हणून छाटणीतील काड्या, खोडाची साल किंवा देठाचे लाकूड फळाच्या सालीत मिसळू देऊ नये. वजन वाढावे म्हणून असे केल्यास माल नाकारला जाईलच, शिवाय वापरणाऱ्याच्या जिवास धोका होईल.

कोणती फळे घ्यावीत, कोणती टाळावीत?

तडकलेली पण ताजी, उन्हाचा चट्टा पडलेली, लहान व वाकडीतिकडी फळे सालीसाठी चालतात. चट्ट्याचा काळा, कडक भाग कापून टाकावा. खालील फळे मात्र घेऊ नयेत.

१) तेल्या रोगाची फळे : ही बागेतून गोळा करून शिफारशीप्रमाणे नष्ट करावीत. सालीसाठी ती वाहून नेल्यास रोगाचा प्रसार दुसऱ्या बागेत होऊ शकतो.

२) बुरशी लागलेली व आतून काळी पडलेली फळे : काही बुरशी विषारी द्रव्ये तयार करतात. वाळवून किंवा उकळून ती नाहीशी होतील याची खात्री नसते.

३) नुकतीच फवारणी झालेली फळे : औषधांचे अवशेष सर्वांत जास्त सालीवरच राहतात. दाणे खाणारा ग्राहक साल फेकून देतो. अर्क वापरणारा मात्र सालच वापरतो, शिवाय ती तीव्र करून वापरतो. म्हणून लेबलवर दिलेला फवारणी ते तोडणी हा प्रतीक्षा कालावधी काटेकोरपणे पाळावा व फवारणीची नोंदवही ठेवावी.

बोर्डो मिश्रण व इतर ताम्रयुक्त बुरशीनाशकांबाबत विशेष काळजी घ्यावी. तांबे व लोह हे धातू ऑक्सिडीकरणाचा वेग वाढवतात. ज्या अर्काने खवटपणा रोखायचा, त्यातच तांबे उतरले तर उलटा परिणाम होईल. याकरिता फळे फोडण्यापूर्वी वाहत्या स्वच्छ पाण्यात मऊ ब्रशने घासून धुवावीत. फोडल्यानंतर साल धुऊ नये, कारण त्या पाण्याबरोबर टॅनिनही निघून जाते.

साल वाळवणे : सर्वांत महत्त्वाची पायरी

अर्काची प्रत भट्टीवर ठरत नाही, ती वाळवणीत ठरते. फळ फोडल्याबरोबर सालीच्या कापलेल्या कडा तपकिरी होऊ लागतात. सालीतील विकरे व हवेतील प्राणवायू मिळून आपल्याला हवी असलेली द्रव्येच खर्ची टाकतात. यासाठी पुढीलप्रमाणे काम करावे.

१) साल सोलल्यापासून दोन-तीन तासांच्या आत वाळवणीस घालावी. ओल्या सालीचे ढीग करू नयेत किंवा ती पोत्यात भरून ठेवू नये. ढीग तापतो, आंबतो व बुरशी येते.

२) सालीचे २ ते ३ सें.मी. आकाराचे तुकडे करावेत. सुरी व ट्रे स्टेनलेस स्टीलचे असावेत. लोखंडाशी टॅनिनचा संयोग होऊन साल काळी पडते.

३) ट्रेमध्ये एकावर एक थर न देता पातळ पसरावी व दिवसातून दोन-तीन वेळा उलटावी.

४) सौर वाळवणी यंत्र वापरणे सर्वांत चांगले. त्यातील तापमान ५० ते ६० अंश सें. च्या दरम्यान राखावे. हे शक्य नसल्यास हवेशीर सावलीत, जमिनीपासून उंच मांडलेल्या जाळीवर वाळवावी. डांबरी रस्त्यावर, शेणाने सारवलेल्या खळ्यावर किंवा मातीवर वाळवलेला माल या कामास चालत नाही.

५) तुकडा हातात घेऊन वाकवला असता न लवता कटकन मोडला पाहिजे. ओलावा १० टक्क्यांपर्यंत खाली यावा.

६) वाळलेली साल पूर्ण थंड झाल्यावरच आत प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या पोत्यात भरावी. पोत्यावर वाण, तोडणीची तारीख, वाळवणीची तारीख व बागेचा क्रमांक लिहावा. पोती फळीवर, भिंतीपासून दूर व अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवावीत.

बहाराचा विचारही येथे करावा लागतो. आंबे बहाराची फळे जून ते सप्टेंबर या काळात तोडणीस येतात. तेव्हा हवा दमट असते व उघड्यावरची वाळवण हमखास बिघडते. या बहारात पूरक उष्णतेची सोय असलेले वाळवणी यंत्र नसेल, तर साल करण्याच्या भानगडीत पडू नये. मृग बहाराची तोडणी हिवाळ्यात व हस्त बहाराची उन्हाळ्याच्या तोंडावर होते. हे दोन्ही काळ वाळवणीस अनुकूल आहेत.

किती माल मिळेल? १०० किलो फळांपासून ४५ किलो ओली साल मिळते असे धरू. तिच्यात ७० टक्के पाणी धरल्यास कोरडा भाग १३.५ किलो होतो. ओलावा १० टक्के ठेवून वाळवल्यास १५ किलो सुकी साल हाती येते. म्हणजे एक टन टाकाऊ फळांपासून सुमारे १५० किलो सुकी साल मिळेल. वाण व फळाच्या पक्वतेनुसार हे आकडे बदलतात. म्हणून आपल्या बागेतील १०-२० किलो फळांवर हा प्रयोग करून स्वतःचा आकडा काढावा.

पाण्याने अर्क काढण्याची कृती

१) भरडणे : सुकी साल पल्व्हरायझरमध्ये जाड रव्याएवढी भरडावी. पिठासारखी बारीक केल्यास द्रव्ये लवकर उतरतात, परंतु गाळताना चिखल होतो व कापड तुंबते. मिरची कांडप यंत्राच्या लोखंडी मुसळांचा वापर टाळावा.

२) पाणी : विंधन विहिरीचे जड, क्षारयुक्त पाणी वापरू नये. अशा पाण्यात अर्क लवकर काळवंडतो. शुद्धीकरण यंत्राचे किंवा स्वच्छ गाळलेले पावसाचे मऊ पाणी घ्यावे.

३) तापमान व वेळ : ५० ते ६० अंश सें. तापमानाचे पाणी अर्ध्या तासासाठी पुरेसे होते. एवढे गरम पाणी सौर बंबातून विनाखर्च मिळू शकते. साल तासन्‌तास उकळू नये. दीर्घकाळ उकळल्यास प्युनिकॅलॅजिन मोडून एलॅजिक आम्ल तयार होते. ते पाण्यात फारसे विरघळत नसल्याने पिवळसर गाळ होऊन तळाशी बसते.

४) गाळणे : अर्क आधी चाळणीतून व नंतर दुहेरी मलमलीतून गाळावा. चोथा दाबून त्यातील उरलेला अर्कही काढून घ्यावा.

५) झटपट चाचणी : चमचाभर अर्क काचेच्या पेल्यात घेऊन दहापट पाण्याने पातळ करावा व त्यात हिराकसाच्या पाण्याचे दोन-तीन थेंब टाकावेत. रंग निळसर काळा झाला, की टॅनिन उतरले असे समजावे. पूर्वी शाई बनवताना व कापड रंगवताना याच क्रियेचा उपयोग करीत. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात हा रंग अगदी फिका आल्यास सालीतील बहुतेक टॅनिन निघाले, असा अर्थ होतो. चाचणीचा नमुना फेकून द्यावा, अर्कात परत ओतू नये. ही केवळ अंदाजाची चाचणी आहे. विक्रीसाठी प्रयोगशाळेतून एकूण पॉलिफेनॉलचे प्रमाण व अँटिऑक्सिडंट क्षमता तपासून घ्यावी लागते.

तीन भांड्यांची पद्धत

पाणी भरपूर घेतले की अर्क पूर्ण उतरतो, पण मग ते सर्व पाणी आटवावे लागते. कमी पाणी घेतले तर निम्मी द्रव्ये चोथ्यातच राहतात. यावर जुना व सोपा उपाय म्हणजे उलट क्रमाने धुणे.

स्टेनलेस स्टीलची तीन भांडी घ्यावीत. पहिल्या भांड्यात दोनदा धुतलेली साल, दुसऱ्यात एकदा धुतलेली व तिसऱ्यात नवी कोरी साल असावी. ताजे गरम पाणी पहिल्या भांड्यात घालावे. अर्ध्या तासाने तेथील द्रव गाळून दुसऱ्या भांड्यात व त्यातील गाळून तिसऱ्या भांड्यात घालावा. तिसऱ्या भांड्यातून निघेल तो तयार अर्क. आता पहिल्या भांड्यातील चोथा दाबून बाहेर काढावा, तेथे नवी साल भरावी व क्रम एकाने पुढे सरकवावा. दुसऱ्या भांड्यातील साल आता दोनदा धुतलेली झाली असल्याने पुढच्या फेरीत ताजे पाणी तिला मिळेल. अशा रीतीने ताजे पाणी नेहमी जवळपास संपलेल्या सालीला मिळते आणि नव्या सालीला आधीच भरलेला अर्क मिळतो. थोड्या पाण्यात जास्त द्रव्ये निघतात.

सरपणाचा हिशेब

ही बाब प्रत्येक गटाने कागद-पेन्सिल घेऊन स्वतः मांडून पाहावी. एक लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर नेण्यास ७० किलोकॅलरी व ते वाफ होऊन उडून जाण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी, अशी एकूण ६१० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो वाळलेल्या लाकडात सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता धरली आणि सुधारित भट्टीत त्यातील पाचवा हिस्सा प्रत्यक्ष कामी आला, तर ८०० किलोकॅलरी मिळतात.

पद्धत अ : १० किलो सालीस एकाच भांड्यात २० पट म्हणजे २०० लिटर पाणी. सालीने सुमारे २५ लिटर शोषले, तर आटवण्यास १७५ लिटर उरते. त्यास १,०६,७५० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे १३३ किलो सरपण लागेल.

पद्धत आ : १० किलो सालीस तीन भांड्यांत मिळून ८ पट म्हणजे ८० लिटर ताजे पाणी. आटवण्यास ५५ लिटर उरते. त्यास ३३,५५० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ४२ किलो सरपण लागेल.

केवळ पाण्याचा वापर होतो म्हणून पद्धत अ ला पर्यावरणपूरक म्हणता येईल काय? १० किलो सालीच्या अर्कासाठी १३३ किलो लाकूड जाळणे हे झाडावरही अन्याय करणारे आहे व खिशावरही. पद्धत आ मध्ये हा खर्च एक तृतीयांशाहून कमी होतो, पण तोही थोडा नाही. त्यामुळे अर्काची भुकटी करण्याचे काम सरपणावर करू नये. निर्वात बाष्पकात हवेचा दाब कमी केल्याने पाणी ६० अंश सें. च्या आसपासच उकळते, द्रव्ये खराब होत नाहीत व वाफेतील उष्णता पुन्हा वापरण्याची सोय करता येते. परंतु हे यंत्र, त्यापुढील फवारा शुष्कक आणि त्यांना लागणारी वीज यांचा भार एकट्या शेतकऱ्यास पेलणारा नाही. वर्षातील बरेच महिने पुरेल एवढी साल असेल तरच तो परवडतो.

तयार अर्क द्रवरूपात ठेवल्यास त्यातील साखरेमुळे तो एक-दोन दिवसांत आंबतो. म्हणून पुढील प्रक्रियेची सोय नसताना अर्क काढून ठेवू नये.

चोथा व सांडपाणी

अर्क काढल्यावर उरलेला चोथा पसरून वाळवावा किंवा कंपोस्ट खड्ड्यात टाकावा. टॅनिनमुळे ताजी डाळिंब साल लवकर कुजत नाही. टॅनिन निघून गेलेला चोथा त्या मानाने लवकर कुजतो. शेण, पालापाचोळा व चोथा यांचे आलटून पालटून थर द्यावेत. जनावरांच्या खाद्यात तो परस्पर मिसळू नये. शिल्लक टॅनिन प्रथिनांना बांधून ठेवते व पचन मंदावते, म्हणून आधी पशुतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. भांडी धुतलेले तपकिरी पाणी ओढ्यात सोडू नये. त्यातील सेंद्रिय पदार्थ कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे मरतात. हे पाणी कंपोस्ट खड्ड्यावर शिंपडावे.

सुरुवात कोठून करावी?

सर्वसाधारण शेतकऱ्याने अथवा लहान गटाने पहिली पायरी म्हणून स्वच्छ, अवशेषमुक्त, नीट वाळवलेली साल तयार करावी. तिला केवळ अर्क कारखान्यांचीच वाट पाहावी लागते असे नाही. आयुर्वेदिक औषधनिर्मितीत डाळिंब साल वापरली जाते, तसेच नैसर्गिक रंगाने कापड रंगवणारे कारागीरही ती वापरतात. एक-दोन हंगाम साल विकून प्रतीचा व ग्राहकाचा अनुभव आल्यावर दुसरी पायरी म्हणून गटाने अर्काचा विचार करावा. भुकटी ही तिसरी पायरी असून ती शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्थेच्या पातळीवरच शोभते.

अर्क यंत्र विकणारा दारी आल्यास त्यास पुढील प्रश्न विचारावेत व उत्तरे लेखी घ्यावीत.

१) यंत्र पूर्ण क्षमतेने चालवण्यास रोज किती सुकी साल लागेल? वर्षात किती दिवस ती आमच्या भागात मिळेल?

२) एक किलो भुकटीस वीज, इंधन व पाणी किती लागते?

३) द्रावक कोणते? इथेनॉल असल्यास किती टक्के परत मिळते व परवाना कोण काढून देणार?

४) आमच्याच सालीचा नमुना चालवून दाखवाल काय? त्याची तपासणी आम्ही निवडलेल्या प्रयोगशाळेत करू द्याल काय?

५) माल खरेदीचा करार कोणाशी, किती वर्षांचा व कोणत्या प्रतीसाठी? प्रत कमी भरल्यास माल कोणाच्या अंगावर पडेल?

या पाचांपैकी एकाचेही उत्तर तोंडी व मोघम मिळाले, तर सही करू नये. सालीच्या मोसमात यंत्र दोन महिने चालते व कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने येतो.

खाद्यपदार्थात वापरण्यासाठी अर्क विकावयाचा असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ अन्वये परवाना व आवश्यक मान्यता घ्यावी लागते. अर्काने अमुक आजार बरा होतो, असा दावा पाकिटावर किंवा तोंडीही करू नये. सालीचा अर्क तेल टिकवतो, एवढ्यावरून तो रोग बरा करतो असे सिद्ध होत नाही.

इतर पिकांच्या टाकाऊ भागांबाबत

वरील तत्त्व इतर पिकांनाही लागू पडते. प्रथम द्रव्य पाण्यात विरघळते की तेलात, ते पाहावे. कोकमाची साल व द्राक्षाचा चोथा यांतील लाल-जांभळी अँथोसायनिन द्रव्ये आम्लयुक्त पाण्यात उतरतात. कांद्याच्या सुक्या टरफलातील क्वेर्सेटिन थंड पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यास इथेनॉल-पाणी मिश्रण बरे पडते. टोमॅटोच्या सालीतील लायकोपीन व भाताच्या कोंड्यातील ओरायझॅनॉल ही तेलात विरघळणारी द्रव्ये आहेत. तेथे पाण्याचा उपयोग होत नाही. त्यामुळे एकाच यंत्रात सर्व प्रकारचा टाकाऊ माल चालतो, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

सारांश

१) रोगट, बुरशीयुक्त व नुकतीच फवारलेली फळे वगळावीत, फळे धुऊनच फोडावीत.
२) साल दोन-तीन तासांत वाळत घालावी, तापमान ६० अंश सें. च्या वर जाऊ देऊ नये, ओलावा १० टक्क्यांवर आणावा.
३) लोखंड, तांबे व क्षारयुक्त पाणी यांपासून साल व अर्क दूर ठेवावा.
४) थोडे पाणी, तीन भांडी व सौर उष्णता यांचा मेळ घालावा.
५) चोथा खतात जावा, रंगीत पाणी ओढ्यात जाऊ नये.
६) आधी ग्राहक, मग सालीचा नमुना, मग तपासणी अहवाल आणि सर्वांत शेवटी यंत्र, हा क्रम मोडू नये.

शेतकरी बंधू-भगिनींनो, येत्या हंगामात प्रतवारीतून बाजूला पडलेली फक्त ५० किलो फळे घ्यावीत व वरीलप्रमाणे साल वाळवून पाहावी. हाती सात-साडेसात किलो साल येईल. त्यातील नमुना जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात किंवा कृषि विद्यापीठात दाखवून तपासणीची सोय विचारावी व त्यानंतरच पुढील निर्णय घ्यावा. एवढ्या प्रयोगास एक जाळीचा ट्रे, एक वजनकाटा व नोंदवही पुरेशी आहे.